गूगलवरून आमच्या मसाल्याच्या साइटवर गेलं की जुगाराचं पान उघडतंय, आमच्याकडे मात्र सगळं नीट दिसतं. तातडीने मदत हवी

लालबागची_सून

नमस्कार मंडळी, तातडीचं आहे म्हणून सगळं एकदमच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, आजेसासऱ्यांपासूनचं, आणि २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये लोकांना येता येईना म्हणून एका ओळखीतल्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली, वर्डप्रेसवर, ऑर्डरी घेणारं वूकॉमर्स टाकून. मालवणी, आगरी, गोडा, कांदा-लसूण असे सात-आठ मसाले आणि बेडगी, संकेश्वरी अख्खी मिरची. आता एप्रिल म्हणजे वर्षाचा मसाला करून ठेवायचे दिवस, डंकावर सकाळपासून रांग असते, साइटवर पण दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरी येतात. गेल्या आठवड्यात त्या दोन-तीनवर आल्या. आम्हाला वाटलं मिरचीचा भाव चढलाय म्हणून असेल.

मग परवा पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, म्हणाल्या अगं तुमच्या दुकानाच्या नावावर दाबलं की पत्त्यांच्या जुगाराचं काहीतरी उघडतंय, मी घाबरून फोनच बंद केला. मी लगेच लॅपटॉपवर बघितलं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं, सगळं व्यवस्थित. मिस्टर म्हणाले काकूंच्याच फोनमध्ये काही असेल. पण काल बोरिवलीहून माझ्या भावाने स्क्रीनशॉट पाठवला, तेच जुगाराचं पान. आणि गूगलवर आमचं नाव टाकलं तर खाली आमच्याच पत्त्यावर जपानी अक्षरांत घड्याळं आणि बूट विकायला ठेवलेले दिसतायत!

साइट करणारा मुलगा आता बंगळूरला नोकरीला आहे, फोन उचलत नाही. डोमेन त्यानेच घेतलंय, म्हणजे साइटचा पत्ता, दरवर्षी आम्ही त्याला पैसे पाठवतो. होस्टिंगचा, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय त्याचा, पासवर्ड आमच्याकडे आहे आणि वर्डप्रेसचा ॲडमिन पण. त्याने बजावलं होतं की अपडेटचं बटण कधी दाबू नका, साइट फुटेल, म्हणून पाच वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर म्हणाले सर्व्हर ठीक आहे, साफ करून हवी असेल तर वेगळं पॅकेज घ्या. मी बीकॉम आहे, कॉम्प्युटर येतो पण हे असलं कधी केलेलं नाही. सीझन हातचा जातोय हो. कुठून सुरू करू?

दादरचा_सर्व्हरवाला

ताई, काकूंच्या फोनला काही झालेलं नाही, साइट हॅक झालीय. तुम्हाला का दिसत नाही ते आधी समजून घ्या, कारण खरी मेख तिथेच आहे. हे लोक जो कोड घुसवतात तो येणाऱ्या प्रत्येकाला दारातच पारखतो. हा गूगलवरून आलाय का, मोबाइलवर आहे का, आज पहिल्यांदाच येतोय का, असं सगळं जुळलं की त्याला जुगाराकडे ढकलतो. थेट पत्ता टाइप करून येतो तो बहुतेक मालक असतो आणि ॲडमिनमध्ये लॉगिन केलेला तर नक्कीच घरचा, त्याला मूळ पान दाखवतो म्हणजे कोणाला पत्ता लागत नाही. आणि गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आला की त्याच्यापुढे तिसरंच वाढतो, ती जपानी पानं. याला क्लोकिंग म्हणतात, आणि जपानी पानांचा प्रकार इतका जुना आहे की गूगलने त्याला नावच दिलंय, जॅपनीज कीवर्ड हॅक.

खात्री करायची तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, इनकॉग्निटोमध्ये, गूगलवर साइट हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून तुमचा पत्ता टाका. तुमच्या पत्त्यावरची गूगलला माहीत असलेली पानं येतील. तुमची पानं असतील तीस-चाळीस, आणि तिथे हजारो दिसतील बहुतेक.

आता आज रात्रीच काय करायचं ते. साइट तात्पुरती बंद ठेवा, होस्टिंगवाल्यांना सांगितलं तर ते करून देतात. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायला सांगा. दोन-चार दिवस साइट बंद राहिली तर माणसं परत येतात, पण तुमच्या चेकआउटवर कोणाचे पैसे गेले तर नाव जातं. त्यानंतर आहे तशी, घाणीसकट, सगळी कॉपी काढून घ्या, म्हणजे फाइल मॅनेजरमधून पब्लिक एचटीएमएल फोल्डर झिप करून, पीएचपीमायॲडमिनमधून डेटाबेस, आणि वूकॉमर्सच्या ॲनालिटिक्समधून ऑर्डरींची सीएसव्ही. लोक घाईत महिन्याभरापूर्वीचा बॅकअप वर चढवतात आणि मग मधल्या सगळ्या ऑर्डरी गायब, कारण ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात. शिवाय त्या बॅकअपमध्ये पण कोड असू शकतो, कधीकधी घुसून दोन-तीन महिने गप्प बसलेला असतो.

साफसफाई करताना एकेक फाइल उघडून घाण शोधत बसू नका, त्यात काहीतरी सुटतंच. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून ताजी झिप उतरवा. डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन फोल्डर आख्खे उडवून नवे ठेवा, बाहेरच्या सुट्या फाइली पण नव्या, फक्त डब्ल्यूपी-कॉन्फिग तुमचीच राहू द्या आणि ती मात्र उघडून वाचा, वरच्या बाजूला एकच लांबलचक अगम्य ओळ दिसली, इव्हॅल किंवा बेस६४ असे शब्द दिसले, तर तो त्यांचा माल. प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, सगळे काढून परत मूळ ठिकाणाहून घ्या. अपलोड्समध्ये वर्ष-महिन्याचे फोल्डर असतात, तिथे फोटो असायला हवेत, पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, फाइल नाही. तिथे एखादी दिसली तर ती जवळपास नेहमी त्यांचीच. येणाऱ्याला कुठे पाठवायचं ते सर्व्हरला सांगणारी डॉट एचटीॲक्सेस नावाची लपलेली फाइल असते, लपलेल्या फाइली दाखवा हे सेटिंग आधी चालू करा, ती पण नवी करा.

आणि थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, कुठून घेतली होती ते बघा. विकतची थीम फुकटात मिळते अशा साइटवरून आणलेली असेल तर चोर दारातून नाही, तुमच्या फर्निचरमध्ये बसूनच घरात आला. माझ्याकडे ज्या हॅक झालेल्या साइट येतात त्यात हे फार वेळा निघतं.

शेवटी सगळे पासवर्ड, म्हणजे होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी, ॲडमिन. युजर्समध्ये अनोळखी ॲडमिन असेल तर काढा. कॉन्फिगमधल्या सॉल्ट की, म्हणजे लॉगिनसाठी वापरलेले गुप्त कोड, बदला, म्हणजे चोर आत लॉगिन होऊन बसला असेल तरी बाहेर फेकला जातो.

कांदिवलीचे_केक

दादांनी सगळं सांगितलंय, एकच राहिलं. ताई, चेकआउटवर किंवा संपर्काच्या पानावर यूपीआयचा क्यूआर लावलाय का? तो स्वतःच्या फोनने स्कॅन करा आणि नाव कोणाचं येतंय ते बघा. क्यूआर म्हणजे शेवटी एक फोटोच, तो बदलला तर कोणाच्या लक्षात पण येत नाही, सगळे क्यूआर सारखेच दिसतात. पेमेंट गेटवे असेल तर त्याच्या डॅशबोर्डवर जाऊन एपीआय की आणि वेबहुकचा सीक्रेट (साइट आणि गेटवे एकमेकांशी बोलताना वापरतात ते गुप्त कोड) नवीन करा. आणि कोणा गिऱ्हाइकाचे पैसे भलतीकडे गेलेत असं कळलं तर त्यांना लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायला सांगा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकत जातात.

पार्ल्याचा_छापखाना

सूनबाई, मी तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा असेन, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. हॅक तर हे लोक काढून देतील. मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या त्या एका ओळीची, "डोमेन त्यानेच घेतलंय". अहो, गाळ्याची भाडेपावती तुम्ही दुसऱ्याच्या नावावर ठेवाल का? पागडीच्या गाळ्यात पावती कोणाच्या नावावर यावरून लालबाग-परळात भावाभावांत काय काय झालंय ते तुमच्या घरी विचारा. डोमेन तसंच आहे. दुकान तुमचं, पाटी तुमची, पण ज्याच्या ईमेलवर डोमेन आहे तो मालक. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण उद्या त्याचा तो ईमेल बंद पडला, कार्ड बदललं, नूतनीकरणाची सूचना त्याने वाचलीच नाही, तर?

डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, सहसा थोडे दिवस जुन्याच दरात भरू देतो, मग ३० दिवस असे येतात की सोडवायला वेगळा दंड पडतो, मग ५ दिवस कोणीच काही करू शकत नाही, आणि नंतर जो पहिला घेईल त्याचं. हूइज वर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या पानावर, जाऊन पत्ता टाका, मालकाचं नाव आताशा झाकलेलं असतं पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते दिसतं. ती तारीख आजच बघा.

त्या मुलाला शांतपणे मेसेज करा, भांडू नका. सोपी वाट अशी की त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही तुमच्या नावाने खातं उघडायचं आणि त्याने डोमेन त्या खात्यात सरकवायचं, पुष्कळ ठिकाणी हे थोड्या वेळात होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे हलवायच्या परवानगीचा कोड, लागतो, आठवडाभर जाऊ शकतो, आणि मालकाचं नाव बदललं तर कधीकधी ६० दिवस हलवता येत नाही. म्हणून सीझनमध्ये त्या भानगडीत पडू नका.

आणि एक, नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी सगळ्या डीएनएस नोंदी, म्हणजे तुमच्या पत्त्यावरची साइट आणि मेल कुठे जातात त्या, कागदावर उतरवून घ्या; त्या नोंदी नेमसर्व्हरवरच असतात. माझ्या छापखान्यात २०१९ ला आम्ही होस्टिंग बदललं, नेमसर्व्हर बदलले, साइट झकास चालू, सगळे खूश. मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्स नावाची नोंद नवीन जागी टाकायची राहून गेली. अडीच दिवस आमच्या पत्त्यावर एकही मेल आला नाही आणि आम्हाला वाटत होतं पितृपक्ष आहे, काम थंड आहे. एका शाळेच्या डायऱ्यांचं काम त्यात गेलं, दहा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांना वाटलं आम्ही उत्तरच दिलं नाही. अजून लागतं मनाला.

लालबागची_सून

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दीडपर्यंत बसले होते. दादा म्हणाले तसंच निघालं, ती साइट-कोलन वाली ट्रिक केली तर पानंच्या पानं जपानी! अपलोड्समध्ये २०२३ च्या फोल्डरमध्ये, आमच्या गोडा मसाल्याच्या फोटोंच्या बरोबर मधोमध एक पीएचपीची फाइल, नाव असं की फोटोच वाटावा. ॲडमिनमध्ये एक अनोळखी युजर होता. क्यूआर आमचाच आहे, देवाची कृपा. थीमचं विचाराल तर फोल्डरमध्येच एक टेक्स्ट फाइल सापडली, ज्या फुकट वाटणाऱ्या साइटवरून आणली तिची जाहिरात. म्हणजे आम्ही त्या मुलाला थीमचे पैसे वेगळे दिले होते.

सगळं बदललं, वर्डप्रेसची साधी डीफॉल्ट थीम लावली, रात्री इनकॉग्निटोमध्ये तपासलं, साफ. झोपले. सकाळी सातला परत बघितलं तर परत जुगार. डॉट एचटीॲक्सेस मी स्वतः नवी केली होती ती पुन्हा त्यांचीच झालीय, आणि आता डिलीट केली तरी मिनिटभरात परत येते. माझ्या डोळ्यांदेखत येते हो. हात गळून गेलेत.

दादरचा_सर्व्हरवाला

हात गाळू नका, तुम्ही निम्म्याहून जास्त काम केलंय. फाइल परत येते म्हणजे कोणीतरी आत बसून ती परत लिहितंय. तीन ठिकाणी बघा. होस्टिंग पॅनलमध्ये क्रॉन जॉब्स, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, उघडा, तिथे तुम्ही न लावलेली ओळ असेल तर काढा. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एमयू-प्लगिन्स असा फोल्डर आहे का बघा, त्यातला माल नेहमीच्या प्लगिनच्या यादीत येत नाही आणि बंद पण करता येत नाही. आणि तिसरं, जे सगळे विसरतात, त्याच होस्टिंगमध्ये दुसरी एखादी साइट आहे का? चाचणीची कॉपी, जुना फोल्डर, काहीही. एका खात्यातल्या सगळ्या साइट एका चाळीतल्या खोल्या असतात, एकीत ढेकूण राहिले की सगळ्यांत.

तिथून निघालं की होस्टिंगवाल्यांना सांगून चालू असलेल्या सगळ्या पीएचपी प्रोसेस बंद करायला लावा आणि मगच ती फाइल काढा. उलट क्रमाने केलंत तर परत येईल.

लालबागची_सून

सापडलं!!! क्रॉनमध्ये एक ओळ होती आणि तिचा रस्ता एका फोल्डरकडे जात होता, नाव नुसतं टेस्ट. उघडलं तर २०२१ ची आमचीच पहिली साइट, आमच्याच दुकानाच्या पाटीचा जुना फोटो, सासूबाईंनी मिरच्या निवडतानाचा फोटो. त्या मुलाने आम्हाला दाखवण्यासाठी केली होती आणि तशीच सोडून दिली. पाच वर्षं कोणी तिकडे फिरकलं नाही. क्रॉन काढला, तो फोल्डर पण (सासूबाईंचा फोटो आधी उतरवून घेतला), होस्टिंगवाल्यांकडून प्रोसेस बंद करून घेतल्या, मग फाइल काढली. आज तिसरा दिवस, साफ आहे. सकाळ-संध्याकाळ भाऊ, काकू आणि मी तीन वेगळ्या फोनवरून बघतोय.

आता पीएचपीची आवृत्ती ७.४ आहे असं दिसतंय, बदलायचं का? आणि गूगलला कसं सांगायचं?

दादरचा_सर्व्हरवाला

शाब्बास ताई. ७.४ ला सुरक्षेचे अपडेट येणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय, बदलायलाच हवं, ८.३ वर न्या. आता थीम-प्लगिन ताजे आहेत म्हणून चालेल, आणि नाही चाललं तर पॅनलमधून दोन क्लिकमध्ये मागे येता येतं. बॅकअप घेऊन, दुपारी दुकान थंड असतं तेव्हा करा, रात्री दमलेलं असताना नको. त्या मुलाची भीती अगदीच खोटी नव्हती, चोरीच्या थीमवर अपडेट दाबलं असतं तर साइट खरंच फुटली असती.

गूगलसाठी सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन. डोमेन तुमच्या हातात नाही म्हणून डीएनएसने नाही, एचटीएमएल फाइल ठेवून मालकी सिद्ध करा. आत गेल्यावर आधी युजर्स अँड परमिशन्स बघा, हे लोक स्वतःला मालक म्हणून घालून ठेवतात. त्यांची पडताळणीची फाइल तुमच्या सर्व्हरवरून काढा, त्यांनी दिलेले साइटमॅप, म्हणजे पानांच्या याद्या, पण काढा. मग सिक्युरिटी इश्यूजमध्ये काही लिहिलेलं असेल तर रिव्ह्यू मागा, काय सापडलं आणि काय केलं ते थोडक्यात खरं खरं लिहा. यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लाइव्ह टेस्ट करा, बॉटला काय दिसतं ते तिथे तुम्हाला दिसेल.

जपानी पानं रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे बॉटला कुठे येऊ नको ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवू नका. अडवली तर गूगल आत येऊन बघणारच नाही आणि ती गेलीत हे त्याला कळणार नाही. त्या पत्त्यांवर ४०४ किंवा ४१०, म्हणजे पान नाही असं उत्तर, येतंय ना एवढं बघा.

कांदिवलीचे_केक

अजून एक ताई, पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट पण बघून घ्या. फुकट मिळणारी बहुतेक ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी होतात, पण डॉट एचटीॲक्सेस बिघडली असेल तर तेच अडकतं. फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणीचे मेल जून २०२५ पासून बंद केलेत, आमची मागे त्यातच संपली, शनिवारी, ऐन व्हॅलेंटाइनला. आणि आता विकतची सर्टिफिकेटं पण १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांच्या वर मिळत नाहीत, २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार. वर्षातून एकदा हाताने बदलू हे दिवस संपले, होस्टिंगवाल्यांना विचारून ठेवा की आपोआप होतंय ना.

लालबागची_सून

परत आले. आज नववा दिवस. पीएचपी बदललं, काही फुटलं नाही. रिव्ह्यू पास झाला, मेल आला. काल १७ ऑर्डरी, त्यातली पहिली पुण्याच्या काकूंची, दोन किलो मालवणी.

त्या मुलाने चौथ्या मेसेजला उत्तर दिलं. काकांनी सांगितलं तसं भांडले नाही, नुसतं लिहिलं की डोमेन आमच्या खात्यात सरकव. त्याने त्याच संध्याकाळी केलं, आणि थीमबद्दल सॉरी पण म्हणाला. मुदत जूनमध्ये संपत होती! तीन वर्षांचं भरून टाकलं. काका, रजिस्ट्रारची पावती, होस्टिंगची पावती आणि डीएनएसच्या नोंदींचा कागद, तिन्ही गुमास्ता परवान्याच्या फायलीत लावलंय, सासऱ्यांनी स्वतः लावलं. आणि दर सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा बॅकअप, अपडेट आणि तीन फोनवरून तपासणी, हे काम मी घेतलंय.

एकच शंका राहिली, जपानी पानं गूगलवर अजून थोडी दिसतायत, चारशेच्या आसपास. हे किती दिवस चालणार?

दादरचा_सर्व्हरवाला

हजारोंवरून चारशेवर आलीत म्हणजे गळतायत. काही आठवडे लागतात, मधेच आकडा वाढलेला दिसला तरी घाबरू नका. फारच डोळ्यात खुपत असतील तर सर्च कन्सोलमध्ये रिमूव्हल्स आहे, पत्त्याची सुरुवात सारखी असेल तर एकदम लपवता येतात, साधारण सहा महिन्यांसाठी. फक्त तिथे स्वतःच्या मसाल्यांच्या पानाचा पत्ता चुकून टाकू नका, दोनदा वाचून मगच बटण दाबा.